चेअरमनसाहेबांचं जर्मन इंजिन

इंजिन चालू करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं मला जन्मभर भेटली. सकाळपासून स्टार्टर मारून बॅटरी बसवलेली असते, मग तोंड पाडून गॅरेजवर येतात. हे रोजचंच. पण एकदा तलवाड्याच्या अलीकडच्या एका माळावरच्या गावातून धुरपदाबाई नावाची म्हातारी आली आणि म्हणाली, "मिस्त्रीदादा, आमचं इंजिन बंद करून द्या."

मी म्हणालो, "मावशी, बंद करायला मिस्त्री कशाला लागतो? दांडा ओढला की बंद."

"दांडा वढून बंदच हाय ते," म्हातारी म्हणाली. "तरी भर दुपारी आपल्या आपन चालू व्हतंय. जाऊन बगावं तर इंजनापाशी कुनीच न्हाई."

दिवाळी अंकाच्या लोकांनी मला सांगितलं, मिस्त्री, धंद्यातलं काहीतरी मजेशीर लिहा. मजेशीर पुष्कळ आहे. रेडिएटर गरम होतो म्हणून त्यात ताक ओतणारा वकील मी पाहिलाय. पण लिहायला बसलो की ही धुरपदाबाईच समोर येऊन उभी राहते, म्हणून तेच लिहितो.

आधी एक सांगतो. मी भूतखेत मानत नाही. छप्पन्न साली वडिलांनी घरातले देव काढले, त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. मुंजाच्या पिंपळाखालून जाताना आई कधी भराभर चालायला लागली की वडील खेकसायचे, "सावकाश चाल की! त्याला आता आपल्या घरचा पत्ता ठाऊक न्हाई." अशा घरात वाढलेला माणूस मी. इंजिनात काही झालं की मी कारण शोधतो, आणि कारण सापडतं.

आता त्या इंजिनाबद्दल. ते जर्मन होतं, चार सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, ओतीव लोखंडाचं धूड. आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या काळ्या मोटारीत ते बसलेलं होतं. डिझेलची मोटार तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. तोंड मोटारीचं आणि आवाज ट्रकचा, म्हणून पोरं हसायची. पण मी त्याचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा हात धुऊन परत आलो आणि मगच हात लावला. इतकं नेटकं काम होतं ते.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगी तोडली की ते मेलं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते हवा अशी दाबतं की हवाच तापून लाल होते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो. म्हणजे एकदा चालू झालं की त्याला ना चावी लागते ना बॅटरी. बंद करायचं तर डिझेल तोडायचं. त्यासाठी स्टॉपरचा एक दांडा असतो. तो ओढून धरायचा, इंजिन थांबलं की सोडायचा. सोडला की स्प्रिंगनं परत चालूच्या जागी जातो. तेव्हा उभ्या इंजिनाला कुणी बाहेरून नुसतं फिरवलं तरी ते पेट घेऊ शकतं. बसल्या बसल्या ते तयारच असतं.

आणखी एक खोड आहे. या जुन्या इंजिनाला पुढं-मागं कळत नाही.

ते मला कळलं पालीच्या पुढं, मांजरसुंब्याच्या चढाला. गाडी ओढत नाही म्हणून साहेबांनी मला सोबत घेतलं होतं. पुढं ड्रायव्हर लिंबाजी आणि साहेब, मागं मी. चढाला गाडी दम तोडून बंद पडली, गिअरमध्येच मागं घसरली आणि घसरता घसरता धडधडत परत चालू झाली. लिंबाजीनं खुशीत पहिला गिअर टाकला, तर गाडी भन्नाट मागं निघाली! साहेब ओरडले, "लिंबाजी, तोंड मांजरसुंब्याकडं आन् चाललो कुठं बे?" लिंबाजीनं दुसरा टाकला, ती आणखी जोरात मागं. बॉनेटच्या फटींतून काळा धूर आत यायला लागला. मी ओरडलो तेव्हा त्यानं स्टॉपर ओढला. गाडीचं तोंड होतं तिकडंच होतं, आणि आम्ही तिघं खोकत रस्त्यावर उभे.

इंजिन उलटं फिरलं होतं. उलटं फिरलं की त्याचा श्वास उलटा होतो. जिथून हवा आत घ्यायची तिथून धूर येतो, आणि जिथून धूर सोडायचा त्या सायलेन्सरमधून ते हवा आत ओढतं. साहेब पोट धरून हसले. "हे तर माझ्या संचालक मंडळासारखं झालं," म्हणाले.

लिंबाजीबद्दल सांगायला पाहिजे. धुरपदाबाईच्याच गावचा, काडीसारखा माणूस, बोलणं मोजकं. गाडीचा स्टार्टर पहिल्यापासून रडका, म्हणून साहेब कुठंही उतरले की म्हणायचे, "चालू ठेव, आलोच." मीटिंग लांबली तरी लिंबाजी चालू गाडीत बसून राहायचा. पुढं मी स्टार्टर दुरुस्त केला तरी त्यांची ती रीत मोडली नाही. अख्ख्या तालुक्याला माहीत, बाहेर इंजिन घरघरतंय म्हणजे साहेब आत आहेत.

साहेब गेले ते असेच. उन्हातून घरी आले, गाडीतून उतरले, "चालू ठेव, आलोच" म्हणाले, आत जाऊन कॉटवर बसले आणि बसल्याजागी आटोपले. घरातून रडण्याचा आवाज आला. माणसं जमली, कुणीतरी लिंबाजीला म्हणालं, "अरे बंद कर आता." त्यानं ऐकलं नाही. स्टॉपरवर कुणाला हात लावू दिला नाही. तिरडी बांधून झाली तरी अंगणात इंजिन चालूच. टाकीतलं डिझेल संपलं तेव्हा ते दोन आचके देऊन थांबलं. मी तिथं होतो.

पुढं गाडीचा पत्रा सडला. साहेबांच्या मुलानं इंजिन काढून लिंबाजीच्या गावच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेला देऊन टाकलं. माळाच्या पायथ्याला संस्थेची विहीर, वर टेकाडावर टाकी. मीच ते इंजिन सरळ पंपाला जोडून दिलं. इंजिनामागं लिंबाजीही आला, ड्रायव्हरचा पंपवाला झाला. रोज सकाळी फडक्यानं त्याला पुसायचा, साहेबांची गाडी पुसायचा तसा.

मग तो दुष्काळ आला. पाणी खाली खाली गेलं. पंप वरून ठरावीक खोलीपर्यंतच पाणी ओढतो, त्यामुळे आम्ही यारी, म्हणजे ओझं उचलायची हातानं फिरवायची क्रेन, लावून इंजिन आणि पंप विहिरीच्या आत, मधल्या टप्प्यावर उतरवले. विहिरीत धूर कोंडला तर खालचा माणूस मरेल, म्हणून सायलेन्सरला लांब पाइप जोडून तो काठाच्या वर काढला. दिवाळीनंतर गावातली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेली. मागं राहिली म्हातारी माणसं आणि काही बाया. घरोघरी कड्या लावलेल्या. भर दुपारी त्या गावातून चाललं की आपल्याच चपलेचा आवाज मागून येतोय असं वाटायचं.

अशा गावात ते इंजिन आपोआप चालू व्हायला लागलं होतं. लिंबाजी टाकी भरून, इंजिन बंद करून जेवायला गेला की थोड्या वेळानं विहिरीतून घरघर सुरू. बाया म्हणायला लागल्या, साहेब आलेत. धुरपदाबाईनं मला आणखी एक सांगितलं, "दादा, त्याचं चाक उलटं फिरतंय. मी वरून बगितलंय. त्याचे पाय उलटे हायत."

मी हसलो. पण चाक उलटं म्हटल्यावर मला मांजरसुंब्याचा चढ आठवला आणि मी तिच्याबरोबर निघालो.

लिंबाजीनं माझ्यासमोर इंजिन बंद केलं आणि वर गेला. मी एकटा टप्प्यावर बसून राहिलो. ऊन सरळ डोक्यावर, विहिरीत सावलीचा तुकडा नाही. काहीच आवाज नव्हता. मग टाकीकडं जाणाऱ्या पाइपात कुणीतरी आवंढा गिळल्यासारखा गुडगुड आवाज झाला. मी पाहत होतो, आणि इंजिनाला पंपाशी जोडणारा आस हलला. कुणी हात लावलेला नाही, आणि तो सावकाश, उलट्या बाजूनं फिरायला लागला. मग जोरात. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि पेटलं. फिल्टरच्या डब्यातून काळा लोट माझ्या तोंडावर आला. मी झेप घेऊन स्टॉपर ओढला.

कारण साधं होतं. पाण्यात बुडालेला जो फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला गावात सगळे फुटबॉल म्हणतात, तो गाळामुळं थोडा वेळ धरायचा आणि मग एकदम सुटायचा. पंप थांबला की टेकाडापर्यंत चढलेलं पाणी पाइपातून उलटं खाली यायचं, येताना पंप उलटा फिरवायचं, पंप इंजिनाला फिरवायचा, आणि तापलेलं इंजिन पेट घ्यायचं. मी तारेचा एक मजबूत आकडा केला. इंजिन बंद केलं की स्टॉपरचा दांडा त्या आकड्यात अडकवायचा, म्हणजे डिझेल तुटलेलंच राहील. बायांना समजावलं, लिंबाजीला दहादा बजावलं.

लिंबाजी म्हणाला, "म्हंजी बंदच ठिवायचं म्हनता?"

"मग काय! उलटं चालू झालं तर सगळा धूर विहिरीत येतो. आत माणूस असला तर संपला."

त्यानं मान हलवली. पण त्याचं तोंड मला आवडलं नाही. गड्याच्या मनात काय होतं ते तेव्हा ओळखायला पाहिजे होतं.

नंतर एकदा फुटबॉलचं नवं चामडं घेऊन मी त्या गावाला गेलो. भर दुपार. विहिरीवर बाया घागरी आणि ड्रम मांडून बसलेल्या. पाणी मध्येच तुटलं म्हणून लिंबाजी इंजिन बंद करून गाळ काढायला खाली उतरला होता. मी सायकल लावतोय तोच विहिरीतून घरघर सुरू झाली. बाया बोलायच्या थांबल्या.

धुरपदाबाई म्हणाली, "चालू केलं वाटतं लिंबाजीनं."

मी सायलेन्सरच्या पाइपाकडं पाहिलं. पाइपातून धूर येत नव्हता. इंजिन खाली बेफाम ओरडतंय आणि वरचा पाइप स्वच्छ. मी तोंडापाशी हात नेला, तर पाइपानं माझा हात आत ओढला. तो पाइप श्वास घेत होता.

काठावरून पाहिलं तर विहीर काळ्या धुरानं भरत आलेली. "लिंबाजी!" मी ओरडलो. उत्तर नाही. खाली उतरून स्टॉपर ओढायचा तर धुरात मीही आडवा होणार. डिझेलची टाकीही खालीच. इंजिनाचं डिझेल तोडता येत नव्हतं. मग राहिली हवा. आणि हवा ते या पाइपातून घेत होतं, माझ्या हाताखालून.

"पोतं द्या! वलं करून द्या!"

कुणीतरी गोणपाट भिजवून फेकलं. मी ते पाइपाच्या तोंडावर टाकलं, तर इंजिनानं ते चोखायला सुरुवात केली. गोणपाट हातभर आत गेलं. पाइपाच्या कडेच्या फटींतून हवा जातच होती. धुरपदाबाईनं डोक्यावरचा पदर खोचला, खाली अंथरलेली वाकळ उचलली, घागरीत बुडवली आणि आम्ही दोघांनी ती वरून आवळून धरली. आत काहीतरी तडफडत असल्यासारखी ती वाकळ आमच्या हातात हिसके देत होती. मग इंजिन गुदमरलं, दोन आचके दिले आणि थांबलं. तेच दोन आचके मी साहेबांच्या अंगणात ऐकले होते.

"आता धूर कसा काडायचा?" एकीनं विचारलं.

विहिरीतली वाईट हवा मोडायला वरून पाणी ओततात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पण सांगायची माझी छाती होईना. सकाळपासून उन्हात बसून त्या बायांनी जे पाणी मिळवलं होतं ते त्या घागरींत होतं, आणि उद्या मिळेल याचा भरवसा नव्हता. मी नुसतं घागरींकडं पाहिलं. धुरपदाबाईनं आपली घागर उचलली आणि विहिरीत उपडी केली. मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. ड्रमसुद्धा कलंडले. आजही पाण्याचा धबाधबा आवाज ऐकला की मला त्या बाया दिसतात.

तोंडाला ओला टॉवेल बांधून मी यारीच्या दोरानं उतरलो. लिंबाजी पळता पळता कोसळलेला नव्हता. तो इंजिनाशेजारी भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता, गाडीत साहेबांची वाट बघत बसायचा तसा. डोळे मिटलेले, तोंड काळंठिक्कर. दोर बांधला, हाक दिली. वर बायांनी यारी फिरवली. त्या काय फिरवत होत्या! गडीमाणसांना जमलं नसतं.

बाभळीखाली त्याला आडवं केलं, वारा घातला. बऱ्याच वेळानं तो खोकला, ओकला आणि त्यानं डोळे उघडले. बाया रडायला लागल्या. मला बरं वाटायच्या आधी रागच आला.

"मेला असतास बे, लिंबाजी! आकडा लावला नव्हतास का?"

"लावलता."

"मग?"

"काडला." त्याचा आवाज फाटला होता. "साहेबांनी वरून हाक मारली. लिंबाजी, चालू ठेव, आलोच. मी आकडा काडला, तसं ते चालू झालं. आता बंद कुनी केलं?"

"मी केलं!"

"कावून?" म्हणत तो उठायला लागला. "सोडा मला खाली. साहेब येतील, गाडी बंद दिसंल त्यांना."

मी त्याला दाबून धरलं. काडीसारखा माणूस, पण आवरेना. धुरपदाबाई आणि मी मिळून त्याला धरून ठेवलं होतं. आज धरला, उद्या कोण धरणार? मी सायकलवर बसलो की हा पुन्हा उतरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पाणी खाली कसं येतं, पंप उलटा कसा फिरतो, हे सगळं त्याला माझ्याइतकंच पाठ होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा मी, छप्पन्न सालापासून भुताचं नाव न घेणारा माणूस, त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "लिंबाजी, साहेब येऊन गेले."

तो थांबला.

"तू खाली होतास तेव्हा. पाइपापाशी उभे होते. मला म्हणाले, सुदाम, आता बंद कर. लिंबाजीला घरी जाऊ दे."

तो माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. "कसे दिसत व्हते?"

"होते तसेच. पांढरं धोतर, सदरा. डोकं मोकळं होतं."

बोललो आणि जीभ चावली. साहेबांना बिनटोपीचं अख्ख्या तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. टोपी म्हणायचं होतं, तोंडातून हे कसं गेलं मला कळेना. झालं, पकडला गेलो, असं वाटलं.

लिंबाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "व्हय," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडीत लई उकडत व्हतं. टोपी काडून त्यांनी शिटावर ठिवली आन् तसेच आत गेले. मी ती घरी नेऊन ठिवलीय. कुनाला सांगितलं न्हाई."

मग त्यानं अंग सैल सोडलं आणि म्हणाला, "आकडा लावा, मिस्त्री. नीट लावा."

लिंबाजी पुढं बरीच वर्षं जगला. घरी शेळ्या राखायचा, नातवंडांवर खेकसायचा. त्या विहिरीत तो पुन्हा उतरला नाही. मी तेव्हा खोटं बोललो याचं मला काही वाटत नाही. पण ते खोटं माझ्या तोंडात कुठून आलं, हे मी बरेचदा शोधलं आणि मला सापडलं नाही.

त्या दुपारी बायांनी लिंबाजीला घरी नेलं. विहिरीवर मी एकटा राहिलो. ऊन तसंच होतं, पाइपाच्या तोंडावर वाकळ तशीच पडलेली. मी खाली उतरलो, स्टॉपरचा दांडा ओढून आकड्यात अडकवला आणि दोनदा हिसका देऊन पाहिला. मग वर चढलो. चढताना पाइपात गुडगुड झाली की नाही, मला सांगता येणार नाही. मी मागं वळून पाहिलं नाही.